दुसऱ्या गाडीचा विमा खंडित होऊ देऊ नका

महोदय,

घरातली दुसरी कार महिन्यातून एखाद्या वेळी अक्कलकोट-पंढरपूरला जाते, एरवी पत्र्याखाली उभी. तिच्यासाठी 'दोन महिन्यांचाच विमा द्या' म्हणत लोक एजंटकडे खेटे घालतात. पण थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा, कायद्याने सक्तीचा) किमान वर्षाचा लागतो. 2022 च्या अधिसूचनेनुसार त्याचा मूळ हप्ता 1000 सीसीपर्यंत 2,094 आणि 1500 सीसीपर्यंत 3,416 रुपये, सगळ्या कंपन्यांत सारखाच. तिथे घासाघीस व्यर्थ.

बचत होते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तिथे किलोमीटरवर आधारित पॉलिसी मागा. घेताना मीटरचा फोटो जपून ठेवा. ठरलेले किलोमीटर संपत आले की आधीच टॉप-अप करा, नाहीतर दावा अडतो. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा पहिल्या गाडीवर चालू असेल तर दुसऱ्यावर पुन्हा घ्यावा लागत नाही. बहुतेक जण इथेच दुप्पट पैसे भरतात, याचे फार वाईट वाटते.

मुदत संपू देणे मात्र सर्वांत महाग. गाडीची पुन्हा तपासणी होते, आणि 90 दिवस उलटले की 50 टक्क्यांपर्यंत साठलेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) शून्यावर येतो.

— एक वाचक, जुळे सोलापूर