वाकळ पाठवतेय, म्हैस विकू नका

कोपरखैरणे, नवी मुंबई

तीर्थरूप आई व आबा यांस साष्टांग नमस्कार.

आबा, हे पत्र तुम्ही चष्मा लावून आईला वाचून दाखवाल. एक करा, मधला मजकूर गाळू नका. तिला काळजी लागेल म्हणून तुम्ही गाळता, आणि तुमचा आवाज जरा अडखळला की तिला बरोबर कळतं. मग ती जेवत नाही. त्यापेक्षा सगळं वाचा.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का, पाऊस आहे का' याच्या पुढं जात नाही. शिवाय एका खोलीत आम्ही पाच माणसं. ज्यांच्याबद्दल बोलायचं ती समोरच बसलेली असतात. बाहेर जिन्यात जाऊन बोलावं, तर सगळी चाळ ऐकते.

आधी म्हशीचं. परवा तुम्ही म्हणालात, म्हैस विकतो आणि पैसे लावून देतो. मी 'बघू' म्हणून फोन ठेवला. बघायचं काही नाही, म्हैस विकायची नाही. तुमच्या दोघांच्या चहापुरतं दूध ठेवून उरलेलं डेअरीला जातं, त्याच्यावर मिठामिरचीचा खर्च निघतो, हे मला माहीत आहे. आणि गोठा रिकामा झाला तर आई पहाटे उठून करणार काय? दुखणंच काढेल.

आता इथलं खरं काय ते सांगते. ह्यांच्या कंपनीनं दिवाळीच्या आधी अख्खी लाईन बंद केली. हिशेब दिला, पण तो आत्यांच्या दवाखान्यात गेला. आता हे तुर्भ्याला एका गोडाऊनवर रात्रपाळी करतात. पगार पूर्वीपेक्षा बराच कमी, पण सात तारखेला हातात पडतो. सकाळी येतात, आत्यांना उचलून बसवतात, त्यांचं अंग पुसतात आणि मग झोपतात. आईचं अंग पुसायला पुरुषमाणसाला लाज वाटेल, असं मला आधी वाटलं होतं. ह्यांनी पहिल्याच दिवशी बादली मागितली. जावई कमी बोलतात म्हणून आई कुरकुर करायची ना? तिला हे सांगा.

थोरलीचं दहावीचं वर्ष. क्लास लावला नाही, पण शाळेतल्या एक बाई शनिवारी गणितासाठी थांबतात. धाकट्याला यातलं काही कळत नाही, आणि तेच बरं आहे.

आत्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बोलण्याची जागा डोक्याच्या डाव्या बाजूला असते आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते, म्हणून दोन्ही बरोबर गेलं, असं डॉक्टरांनी समजावलं. त्या पहाटे मी पाणी भरायला उठले तर त्यांचं तोंड वाकडं दिसलं. रिक्षा मिळेना. मागच्या गल्लीतला टेंपोवाला मार्केटला निघाला होता, त्यानं मागं गादी टाकून नेलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणतात. पण झोपेत कधी झालं तेच कुणाला माहीत नव्हतं, म्हणून ते देता आलं नाही. एवढ्यासाठी सांगते आबा, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडू नका. आणि दोघांपैकी कुणाचंही तोंड वाकडं झालं, हात वर जाईना, बोबडी वळली, तर सकाळची वाट बघायची नाही, तेल चोळत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि थेट कऱ्हाड गाठायचं. नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवा.

त्या टेंपोवाल्याचं पुढं ऐका. आठवड्यानं मी भाडं द्यायला गेले तर हात मागं घेतला. म्हणाला, "आबांना विचार, माझ्या बापाचं किती झालं ते." मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील बाजारात तुमच्या माथाडी टोळीत होते आणि पाठीच्या दुखण्यानं एक अख्खा पावसाळा घरी बसले होते. टोळीनं त्यांची वाटणी कापली नाही, आणि त्यांच्या वाटच्या गोण्या जास्त करून तुम्हीच वाहिल्या. आबा, हे तुम्ही घरात कधी बोलला नाहीत. त्या पावसाळ्यात तुम्ही रात्री आईकडून पाठ रगडून घ्यायचात, एवढंच मला आठवतं. कारण आज कळलं.

मी लहान असताना तुम्ही देवळात जायचात, एकादशी धरायचात, आणि मला वाटायचं की श्रद्धा म्हणजे एवढंच. पांडुरंगाशी माझं भांडणही झालं, ते लपवत नाही. आत्या हॉस्पिटलात होत्या आणि कंपनीची नोटीस आली, त्या दिवसापासून मी दिवा लावायचा सोडला. थोरली लावायची. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. पुन्हा कधी लावायला लागले ते मलाही सांगता येणार नाही. पण टेंपोवाल्याकडून आले त्या संध्याकाळी देवासमोर जरा जास्त वेळ बसले, एवढं खरं. मागितलं काही नाही. आपल्याला जे मिळालंय ते कुणीतरी आधीच भरून ठेवलेलं असतं, आणि ते कुणी भरलं हे आपल्याला बऱ्याचदा कळतही नाही, एवढंच मनात आलं.

ही खोली तरी काय आहे? मशीद बंदरचा कांदा-बटाटा बाजार १९८१ ला वाशीला आला आणि तुम्ही त्याच्यामागं आलात. वाशीला लोकल यायला १९९२ उजाडलं, तोवर सगळा प्रवास खाडीपुलावरच्या बसनं. पन्नास किलोची गोणी पाठीवर आणि हातात हूक. १९६९ चा माथाडी कायदा नसता तर मजुरी बोर्डात जमा झाली नसती, फंड साठला नसता आणि ही खोलीही झाली नसती. २५ सप्टेंबरला तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून माथाडींच्या मेळाव्याला जायचात, अण्णासाहेब पाटलांच्या फोटोसमोर वाकायचात. मी विचारायचे, हा कुठला देव? तुम्ही हसायचात. या वर्षी आम्हाला भाडं भरावं लागलं असतं तर पोरांना घेऊन गावाकडंच यावं लागलं असतं. तेव्हा पैसे लावून देतो म्हणू नका. तुम्ही दिलेल्यातच राहतोय.

आई, आता तुझ्याशी. तू शिकवलेली मूठ मी अजून काढते. तांदूळ वैरायच्या आधी एक मूठ दिंडीच्या डब्यात. मागच्या महिन्याच्या शेवटी घरातला तांदूळ संपला आणि पगाराला चार दिवस होते. डब्याकडं बघत उभी राहिले. मग काढला, धुतला आणि शिजवला. पांडुरंगाच्या वाट्याचा भात पोरांनी आमटीशी खाल्ला, धाकट्यानं दोनदा मागून घेतला. पगार झाल्यावर डबा पुन्हा भरतेय. तू रागावशील की काय असं वाटलं, पण तुझ्या आईनं दुष्काळात हेच केलं होतं असं तूच सांगितलं होतंस. विठोबाला काही वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही.

आणि या पत्राबरोबर जे बोचकं येतंय त्याबद्दल. ती वाकळ आहे. तुझ्यासारखी झाली नाही, आधीच सांगते. फिजिओवाली मुलगी म्हणाली, आजींचे हात रिकामे ठेवू नका, डाव्या हातानं कापड धरू द्या, उजवा हात त्याच्यावर ठेवा, हलत नसला तरी. मी म्हटलं आपल्या घरात कापड म्हणजे वाकळच. आत्यांची जुनी लुगडी होतीच. मऊ झालेलं सुती कापड सुईला कसं वाट देतं ते तुला सांगायला नको. वरच्या मावशींनी पॉलिस्टरच्या चांगल्या दिसणाऱ्या साड्या दिल्या, पण त्या थरात सरकतात. एक घातली आणि उसवून काढली.

खोलीत पूर्ण वाकळ अंथरायला जागा नाही, अर्धी तर आत्यांच्या खाटेनंच खाल्लीय. म्हणून अर्धी गुंडाळायची आणि अर्धी पसरायची. कोपऱ्यांवर पिठाचा डबा, पाटा आणि थोरलीचं दप्तर. आधी लांब कच्चे टाके, मग कडेनं सुरुवात करून आत आत जायचं, तू करायचीस तसं. दोरा फार ओढला की कापड गोळा होतं, सैल सोडला की रात्री पायाच्या अंगठ्यात अडकतो. ते मधलं माप हाताला यायला मला वेळ लागला. दुपारी धाकटा शाळेत, हे झोपलेले, आणि मी व आत्या वाकळेला बसायचो. सुईत दोरा मी ओवायचे, कापड त्या धरायच्या.

एके दिवशी मी भराभर शिवत होते, नळाला पाणी यायची वेळ झाली होती. आत्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्यांना काय हवंय ते कळेना. पाणी विचारलं, उशी विचारली. त्या मान हलवत राहिल्या. मग त्यांनी बोट एका टाक्यावर टेकवलं. बाकीच्या ओळीत दाण्याएवढा टाका आणि तिथं मी बोटाच्या पेराएवढा लांब मारला होता. नखानं तो टाका उचकटत त्या म्हणाल्या, "ह्यॅ." आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांनी मला नावं ठेवली! लग्न होऊन आले तेव्हा याच 'ह्यॅ'नं मी मोरीत जाऊन रडायचे. या वेळी मला इतकं हसू आलं की हे जागे झाले. मग आम्ही तिघांनी मिळून तो टाका उसवला. नळाचं पाणी तेवढ्यात गेलं, ते वेगळंच.

अजून त्या बोलत नाहीत, पण 'ह्यॅ' रोज म्हणतात. आमटीला म्हणतात, टीव्हीवरच्या बातम्यांना म्हणतात. धाकट्यानं तो उचललाय आणि शाळेत ओरडा खाल्लाय.

वाकळेच्या आतल्या थरात तुम्हाला निळं कापड लागेल हाताला, कडेकडेनं थोडं दिसतंही. ते ह्यांच्या कंपनीचे शर्ट. मी विचारायला कचरत होते. एका सकाळी त्यांनी स्वतःच चारही शर्ट काढले, ब्लेड घेतलं आणि खिशावरचं कंपनीचं भरतकाम धागा धागा करून उसवलं. तासभर लागला. मग माझ्याकडं सरकवले आणि म्हणाले, "आत घाल, कापड चांगलं आहे." त्यावर आमचं एवढंच बोलणं झालं. मला वाटतं त्या दिवसापासून त्यांना झोप बरी लागते, पण हे माझं म्हणणं. विचाराल तर ते नाही म्हणतील.

बोचकं शुक्रवारी रात्रीच्या पाटणच्या ट्रॅव्हल्सनं येईल. ड्रायव्हर आपल्या खालच्या आळीतलाच आहे, स्टँडवर उतरवून घ्या, त्याला पैसे देऊ नका, इथं दिलेत. आई, पहिल्यांदा गार पाण्यातच धू आणि पिळू नकोस, तशीच वलणीवर टाक. आत्यांचं हिरवं लुगडं कदाचित रंग सोडेल. थंडी वाढली की पायथ्याकडं निळी बाजू घे, तिकडं थर जास्त घातलेत, कारण तुझे पाय गार पडतात.

आबांना एक काम आहे. पैसे पाठवायची एवढी हौस असेल तर माळ्यावरच्या पेटीतली आईची जुनी लुगडी पाठवा. फिजिओवाल्या मुलीनं तिच्या आजीसाठी वाकळ सांगितलीय आणि वरच्या मावशींच्या सुनेला बाळाची दुपटी हवीत. पैसे किती घ्यायचे ते मला ठरवता येईना. मी शंभर कमी सांगायला गेले तर आत्या 'ह्यॅ' म्हणाल्या, म्हणून वाढवून सांगितले, आणि ती कबूल झाली. एवढ्यानं घर चालणार नाही हे मलाही कळतं, पण लाइटबिल निघेल.

नागपंचमीला आणलेली ती फाटकी पिवळी साडी तेवढी पाठवू नका, ती आईजवळ राहू दे. बाकी सगळी चालतील, विटलेली असली तरी. येत्या सोमवारी तोच ड्रायव्हर परत येतोय, त्याच्याकडे द्या, आणि त्याच पिशवीत शेरभर घेवडा टाका, धाकटा विचारत असतो.

म्हशीला वैरण कमी पडत असेल तर मात्र स्पष्ट सांगा, त्याचं बघता येईल.

कळावे,
तुमची लेक