मम शर्लची तुरुंगभेट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू विचारलंस, ना पद, ना पगार, लिहिता-वाचताही येत नव्हतं, मग ही मम शर्ल कैद्यांना भेटायला तुरुंगात शिरायची कशी? उत्तर तिच्या नावातच आहे.

शर्ली स्मिथ ऑस्ट्रेलियातल्या विराजुरी आदिवासी समाजाची. जन्म १९२१, न्यू साउथ वेल्समध्ये काउरा गावाजवळच्या एराम्बी मिशन या आदिवासी वस्तीवर. फेफऱ्यामुळे शाळा अशी झालीच नाही, आजोबांनी शिकवलं तेवढंच. भाऊ लॉरी तुरुंगात गेला. त्याला भेटायला जाताना तिला दिसलं, की कितीतरी आदिवासी कैद्यांकडे कुणी फिरकतच नाही. भाऊ सुटला, तिच्या फेऱ्या चालूच राहिल्या. अधिकारी विचारायचे, कैदी तुझा कोण? ती सांगायची, 'मी त्याची मम.' मम म्हणजे आई. तेच नाव पडलं, मम शर्ल.

पुढे तुरुंग खात्यानेच तिला तुरुंगांत जायचा पास दिला. पण न्यू साउथ वेल्स महाराष्ट्राच्या अडीचपट. सिडनीहून ग्राफ्टनचा तुरुंग सहाशे किलोमीटरवर, गोलबर्नचा दोनशे. दोन-चार दिवसांत राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायची.

नुसत्या भेटीने भागणारं नव्हतं, हे तिला कळत होतं. सिडनीच्या रेडफर्नमध्ये पोलीस आदिवासी पोरांना सर्रास उचलायचे. कोर्टात वकील नसला की शिक्षा ठरलेली. तरुण कार्यकर्ते वही घेऊन पोलिसांच्या बिल्ल्यांचे नंबर टिपू लागले, वकील गाठले, आणि १९७० मध्ये आदिवासींसाठी मोफत कायदा सेवा उभी राहिली. उभारणाऱ्यांत ही होती. १९७१ मध्ये तिथेच, दुकानाच्या एका गाळ्यात, दवाखाना. डोळ्यांचे डॉक्टर फ्रेड हॉलोज त्यात होते. कारभार मात्र आदिवासींच्याच हाती, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे: बाहेरच्या दवाखान्यात अपमान झाला की आजारी माणूस पुन्हा पायरी चढत नाही.

बाप तुरुंगात, मग पोरं कुठे? तिच्या घरी. साठाहून जास्त मुलं तिने वाढवली असं सांगतात.

आणि तो पास? खात्याने पुढे काढून घेतला. त्यानंतर तिचं तुरुंगातलं काम जवळपास बंदच पडलं. १९९८ मध्ये ती गेली.

तुझा,
विलास