विंगेत बसलेल्या लेकीस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. फोनवर मला पटकन सुचत नाही, तुला माहीतच आहे. तू बोलत होतीस आणि मी नुसता 'हं, हं' करत होतो. तुला वाटलं असेल, बाबांना काही देणंघेणं नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

तुझं म्हणणं मला जसं कळलं तसं आधी सांगतो. स्नेहसंमेलन झालं, नाटक उत्तम झालं. बक्षीस समारंभात दिग्दर्शकाला ढाल मिळाली, काम करणाऱ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. वार्षिक अंकात नाटकाचा पानभर फोटो आला. महिनाभर रोज तालमीला जाऊनही त्या फोटोत तू नाहीस आणि फोटोखालच्या नावांतही नाहीस. तेव्हा, "असल्या एवढ्याशा कॉलेजात राहून काय करू? दुसऱ्या वर्षाला मोठ्या कॉलेजात प्रवेश घेते," असं तू म्हणालीस.

यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. नाव घेतलं नाही हे चुकलंच. त्याचा राग येणं रास्त आहे आणि तो राग गिळून टाक असं मी सांगणार नाही. कॉलेज लहान आहे ही तक्रार मात्र वेगळी आहे आणि तिच्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

तुला सांगितलं नाही, पण त्या रात्री मी नाटक फारसं पाहिलंच नाही. आम्हाला तिसऱ्या रांगेत अगदी डावीकडच्या टोकाला जागा मिळाली होती. तुझी आई म्हणत होती, मध्ये जाऊन बसू. मी उठलो नाही, कारण तिथून विंगेचा पडदा आणि भिंत यांच्यामधली फट दिसत होती आणि त्या फटीत तू होतीस. बुटक्या स्टुलावर, मांडीवर संहितेची वही, हातात टॉर्च. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधलेला, उजेड बाहेर फुटू नये म्हणून. तुझं बोट ओळीखालून सरकत होतं आणि ओठ हलत होते. सगळ्यांचेच संवाद तू मनातल्या मनात म्हणत होतीस.

दुसऱ्या अंकात आईचं काम करणारी मुलगी बोलता बोलता थांबली. प्रेक्षकांना वाटलं, भावना दाटून आल्यात. मलाही आधी तसंच वाटलं. मग तुझ्याकडे पाहिलं तर तुझं बोट एका ओळीवर थबकलं होतं आणि तू मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतीस. लगेच बोलली नाहीस, एक श्वास जाऊ दिलास. मग दोनच शब्द दिलेस, ओळीचे पहिले दोन, तेही इतके हळू की माझ्यापर्यंत आवाज आलाच नाही. तिने ते उचलले आणि पुढचं अख्खं स्वगत सलग म्हटलं. त्या स्वगतालाच नाटकातली सगळ्यात मोठी टाळी पडली. सभागृह टाळ्या वाजवत होतं, तेव्हा तू बोट जिभेला लावून पान उलटलंस.

प्रॉम्प्टरचं काम म्हणजे वाचून दाखवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते कधी केलेलं नसतं. नट ठरवून थांबलाय की अडकलाय हे ओळखावं लागतं. शब्द लवकर दिला तर त्याची लय तुटते, उशिरा दिला तर रंगमंच थंड पडतो, आणि अख्खं वाक्य दिलं तर तो गोंधळून जातो. कोण कुठे अडखळतो हे तालमीत बसून बसून अंगात मुरावं लागतं. तू ते पहिल्याच वर्षी शिकलीस. अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात त्या कॉलेजने अख्ख्या नाटकाची वही दिली.

आता माझं सांगतो. मी शिकलो ते कॉलेज मोठं होतं, नावाजलेलं होतं. वर्गात दोनशेच्या वर मुलं. माझा रोल नंबर १४७. हजेरी नंबरानेच व्हायची. तीन वर्षांत एकाही सरांना माझं नाव माहीत झालं नाही, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष? एवढ्या चेहऱ्यांत कुणाकुणाला लक्षात ठेवणार? नाटकाच्या निवडीला मी पहिल्या वर्षी गेलो होतो. आठ भूमिका आणि नव्वदेक मुलं. व्हरांड्यात तासभर उभा राहिलो आणि माझा नंबर यायच्या आत परत आलो. पुढे तीनही स्नेहसंमेलनं शेवटच्या रांगेतून पाहिली. कार्यक्रम सुरेख व्हायचे, टाळ्या मी मनापासून वाजवल्या. पण घरी येऊन सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नसायचं.

शेवटच्या वर्षी नोकरीच्या अर्जासाठी शिफारसपत्र हवं होतं. विभागप्रमुखांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "तुमच्याविषयी काय लिहू?" मला उत्तर देता आलं नाही. शेवटी त्यांनी छापील मजकुरात माझं नाव भरून सही केली. पदवीचं प्रमाणपत्र मी खिडकीवर रांग लावून घेतलं, त्यात वडिलांचं नाव चुकलेलं होतं. ते दुरुस्त करायला दोन खेपा घातल्या. नावातली चूक दुरुस्त झाली, पण 'काय लिहू?' हा प्रश्न मला अजून आठवतो.

तुझ्या सरांना कुणी विचारलं, ही मुलगी कशी आहे, तर त्यांना सांगायला त्या विंगेतला तुझा एक श्वास आहे.

वाचनालयात नोकरीला लागल्यावर कितीतरी वर्षांनी रॉजर बार्कर आणि पॉल गंप या दोन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास माझ्या हाती आला. १९६४ साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या १३ शाळा पाहिल्या. सगळ्यात लहान शाळेत ३५ विद्यार्थी होते, सगळ्यात मोठीत दोन हजारांहून जास्त. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात हे खरंच. पण जबाबदारीची कामं लहान शाळेतल्या मुलांच्या वाट्याला कितीतरी जास्त येत होती, आणि मोठ्या शाळेत बघ्यांची संख्या मोठी होती. कारण सरळ आहे. नाटक तीनशे मुलांच्या कॉलेजात करा नाहीतर सहा हजारांच्या, नट, नेपथ्य, प्रकाश, संगीत, कपडे, रंगभूषा, प्रॉम्प्टर धरून माणसं लागणार पंचवीसच. म्हणजे तुमच्याकडे बारा मुलांमागे एकाला काम मिळतं आणि तिकडे दोनशेचाळीस जणांमागे एकाला. माझ्यासारखी उरलेली दोनशे एकोणचाळीस मुलं कुठे बसतात, ते तुला वर सांगितलंच.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार भिडली. अभ्यासात मागे असलेली, घरची परिस्थिती बेताची असलेली, सहसा कडेला पडणारी मुलं त्यांनी मुद्दाम वेगळी पाहिली. मोठ्या शाळेत ती मुलं खरोखरच कडेला होती. 'आपण गेलंच पाहिजे, आपल्यावाचून अडेल' असं त्यांना वाटत नव्हतं. लहान शाळेत मात्र त्यांनाही ते इतर मुलांइतकंच वाटत होतं. तुमच्या नाटकात पडदा ओढणारा, दोन विषय राहिलेला मुलगा आठवतो? तालमीला तो एक दिवसही चुकला नाही, असं तूच सांगितलं होतंस.

लहान कॉलेजात सगळं सोन्याचं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. विषयांची निवड कमी असते. एखाद्या विषयाला एकच शिक्षक, तो तुला रुचला नाही तरी पर्याय नाही. एकीशी भांडण झालं तर ती दिवसातून चार वेळा समोर येणार. कुणाचं काय चाललंय ते संध्याकाळपर्यंत साऱ्या वसतिगृहाला कळतं. शिवाय कामाची माणसं तीच ती. ज्याने रांगोळी काढली तोच खुर्च्या उचलतो, तोच सूत्रसंचालन करतो आणि परीक्षा आली की तोच थकलेला असतो. तुला हवा तो विषय पुढे तिथे शिकायला मिळणारच नसेल, तर तेवढ्या एका कारणासाठी तू खुशाल जा, मी स्वतः कागदपत्रं काढून देईन. फोटोत नाव नाही म्हणून मात्र जाऊ नकोस.

मैत्रीचं तू बोललीच नाहीस, पण मी लक्ष ठेवून असतो. वसतिगृहात गेल्यावर पहिले दोन महिने तू रोज रडायचीस. आता फोनवर मागून कुणीतरी हसत असतं आणि तू त्यांना "गप बसा गं" म्हणतेस. १९५० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थी वसाहतीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणाची कुणाशी मैत्री होते, एवढंच त्यात पाहिलं होतं. शेजारच्या दारातल्या माणसांपैकी ४१ टक्के जवळचे मित्र निघाले, त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या घरांतले फक्त १० टक्के. जिन्याशेजारी राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही झाल्या, कारण येता-जाता माणसं भेटायची. तुझी खोली जिन्यालगत आहे म्हणून तू पहिल्या दिवशी कुरकुरली होतीस, रात्री उशिरापर्यंत पावलं वाजतात म्हणून. त्याच पावलांतली दोघी-तिघी आज तुझ्या खोलीत येऊन बसतात.

जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाने २०१८ साली तर मैत्रीला लागणारे तासच मोजले. ओळखीची व्यक्ती जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. तुमची तालीम रोज तीन तास, पंचवीस दिवस चालली. झाले पंच्याहत्तर. प्रकाशयोजना करणारी ती मुलगी तुझ्याच शेजारी अंधारात बसलेली असायची ना? दुसऱ्या कॉलेजात गेलीस तर हे तास पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. निर्णय घेताना तेवढं ध्यानात असू दे.

स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी तू आवराआवरीत होतीस, तेव्हा मी कॉलेजभर एकटाच फिरलो. जिन्याखाली तो गुणवंतांचा लाकडी फलक आहे, पांढऱ्या रंगाने हाताने नावं लिहिलेला. चष्मा काढून जवळून वाचला. काही वर्षांपुढे एकच नाव आहे, काही वर्षं रिकामी आहेत. ती रिकामी ठेवलेली पाहून मला त्या फलकाविषयी आदर वाटला, उगाच कुणाला भरलं नाही. एका वर्षी चार बाय शंभर मीटर रिलेचं पदक आहे आणि त्यापुढे नावं पाच आहेत. पाचव्या नावापुढे कंसात लिहिलंय, 'राखीव'. जो धावलाच नाही, पण जो बूट बांधून कडेला उभा होता, त्याचंही नाव तिथे कुणीतरी आठवणीने लिहून घेतलंय. रंगाऱ्याला सांगणारं ते माणूस कोण असेल, याचा मी बराच वेळ विचार करत उभा होतो.

म्हणजे तुमच्या कॉलेजात हे पूर्वी घडलेलं आहे. या वर्षी विसरलं गेलं. विसरलेलं आठवून द्यायला प्राचार्यांच्या खोलीबाहेर चार दिवस तिष्ठावं लागत नाही, हा लहान कॉलेजचा मोठा फायदा. अंकाचं काम पाहणाऱ्या मॅडमना तू रोज व्हरांड्यात भेटतेस. त्यांच्याकडे जा. रडत किंवा तावातावाने जाऊ नकोस आणि एकट्या स्वतःसाठीही जाऊ नकोस. पडद्यामागच्या सगळ्यांची यादी करून ने. पडदा ओढणारा, दिवे लावणारी, कपडे शिवून देणाऱ्या दोघी, रात्री अडीच वाजता सभागृहाला कुलूप लावणारे शिपाईकाका. कुणाचं नाव चुकू देऊ नकोस, शुद्धलेखनासकट तपास. पुढच्या अंकात ती यादी छापता येईल का आणि पुढच्या वर्षीच्या बक्षीस समारंभात पडद्यामागच्या कामासाठी एक बक्षीस ठेवता येईल का, एवढंच विचार. नाही म्हणाल्या तर मला कळव, मी तुझ्याच बाजूने आहे.

अमेरिकेत १८१८ साली डार्टमथ नावाच्या कॉलेजचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला होता. राज्य सरकारने कॉलेजची मूळ सनद बदलून कारभार आपल्या हाती घेतला होता. कॉलेजच्या बाजूने डॅनिअल वेब्स्टर उभे राहिले, ते तिथलेच माजी विद्यार्थी. कायद्याचा सगळा युक्तिवाद संपल्यावर ते थोडं थांबले आणि म्हणाले असं सांगतात, की महाराज, कॉलेज छोटंसंच आहे, तरीही त्याच्यावर प्रेम करणारे लोक आहेत. बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता म्हणे. पुढच्या वर्षी निकाल कॉलेजच्या बाजूने लागला. मी माझ्या कॉलेजविषयी असं बोलू शकलो नसतो. वाईट होतं म्हणून नाही, मी तिथे कुणाच्या उपयोगीच पडलो नाही म्हणून.

प्रवेशाच्या अर्जाला अजून वेळ आहे. परीक्षा होऊ दे, मग शांतपणे ठरव. तू ठरवशील ते आम्हाला मान्य असेल.

ती संहितेची वही मात्र परत देऊ नकोस, मागून घे. तिच्यात पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत, कुठे थांबायचं, कुठे सांभाळायचं. सुट्टीत येशील तेव्हा घेऊन ये. दुसऱ्या अंकात तू ते कोणते दोन शब्द दिलेस, ते मला तिसऱ्या रांगेतून ऐकू आलं नाही. वहीत ती जागा दाखव.

तुझा,
बाबा