गार्डन ट्रॅक्टरच्या वेगाचा हिशेब शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार. स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकने 1969 पासून बाजारात आणलेल्या ‘एलेक-ट्रॅक’ या विजेच्या गार्डन ट्रॅक्टरांपैकी एक न्यूयॉर्क राज्यातील आमच्या घरी आजही गवत कापतो आणि हिवाळ्यात बर्फ उडवतो, याचे श्रेय आपल्याला आहे. असे जुने ट्रॅक्टर सांभाळणाऱ्या इतरांनाही आपला हिशेब उपयोगी पडेल, म्हणून हे आभार उघड पत्रातून मानत आहे.

जुन्या यंत्राची मोटर किंवा पुली कधी, कोणी बदलली असेल याचा भरवसा नसतो. म्हणून छापील आकडे बाजूला ठेवून प्रत्येक आकडा यंत्रावरच मोजायचा, असा आपला आग्रह होता. पुलीचा व्यास बाहेरच्या कडेवर न घेता पट्टा ज्या खोलीवर वळतो तिथे धरायचा आणि चाकाचा परीघ टायरवर खडूची खूण करून, माणूस बसलेला असताना, जमिनीवर एक पूर्ण फेरा घेऊन मोजायचा, हे आपण करून दाखवलेत. तेवीस इंची टायरचा परीघ गणिताने सुमारे 1.83 मीटर येतो, पण वजनाखाली टायर दबत असल्याने आमच्या चाकाचा 1.75 मीटरच भरला.

गिअरबॉक्स न उघडता त्याचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पुलीचे किती फेरे लागतात ते, काढण्याची आपली रीत तर मला फार मोलाची वाटते. एक मागचे चाक जमिनीवर, दुसरे जॅकवर उचललेले. अशा स्थितीत हाताने पुली फिरवली असता डिफरन्शियलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) उचललेले चाक दुप्पट वेगाने फिरते, म्हणून बर्फाच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला पुलीचे 18 फेरे लागले तरी खरे गुणोत्तर 36 धरायचे. गवताच्या गिअरमध्ये खरे गुणोत्तर 14 आले. पट्ट्याच्या पुल्या मोटरवर 3 आणि दुसऱ्या बाजूला 9 इंची, म्हणजे आणखी तिप्पट, त्यामुळे गवतासाठी एकूण 42. भाराखाली मोटरचे 1800 आरपीएम (मिनिटाला फेरे) धरून चाकाचे मिनिटाला सुमारे 43 फेरे आणि ताशी 4.5 किलोमीटर वेग मिळाला.

घरामागच्या चढावर मात्र अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह मोजणाऱ्या मापकाचा) काटा फार वर जात होता. चाकावर लागणारे बळ तेवढेच असेल, तर वेगाच्या प्रमाणात शक्ती वाढते आणि ती बॅटरीतूनच येते, हे आपण अत्यंत सोप्या शब्दांत पटवून दिलेत. फिल्डचा, म्हणजे मोटरमध्ये चुंबकक्षेत्र तयार करणाऱ्या गुंडाळीचा, प्रवाह कमी केल्यास मोटर जोरात फिरते खरी, पण प्रत्येक अँपिअरमागे मिळणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) घटतो. म्हणून चढावर फिल्ड पूर्ण ठेवून गुणोत्तरच वाढवावे, हा आपला सल्ला मी मानला. मोटरवरची पुली लहान केली तर पट्ट्याची पकड कमी होते, म्हणून दुसऱ्या बाजूला 10.5 इंची पुली बसवण्याचे आपणच सुचवलेत. आता गवताचा वेग हिशेबाने ताशी 3.86 किलोमीटर आणि बर्फाचा 1.5 आहे. सपाटीवर 30 मीटर टेप पसरून मोजले तेव्हा गवताच्या गिअरमध्ये अपेक्षित 28 सेकंदांऐवजी 29 लागले आणि तो फरक पट्टा व चाकांच्या घसरणीत बसतो. चढावर काटा आता बराच खाली राहतो.

आपण एकदाही तयार उत्तर हाती दिले नाही. प्रत्येक वेळी मोजायला लावलेत आणि माझे आकडे ओळीओळीने तपासलेत. या वयात, एवढ्या चिकाटीने कोणा परक्यासाठी कागद घेऊन बसणे किती दुर्मीळ आहे, याची मला जाणीव आहे.

पुढे लिथियम बॅटऱ्या बसवण्याचा विचार आहे. भाराखाली त्यांचे व्होल्टेज जुन्या बॅटऱ्यांपेक्षा कमी घसरत असल्याने मोटरचे आरपीएम थोडे वाढतील, तेव्हा नवा हिशेब मांडून आपल्याकडे पाठवीन. कृपया तो तपासावा.

आपला ऋणी,
एक शेजारी