बंद गेटामागची जागा तुकड्यांनी विका, साहेब

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

दर हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपुरात असता. या वेळी तासभर हिंगणा एमआयडीसीत या. लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनपासून माझी शेड जवळच आहे. माझी म्हणजे पोटभाड्याची. तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, पाच कामगार. ट्रक आत वळत नाही, माल रस्त्यावरच उतरवतो.

भिंतीला लागून एका बंद कंपनीचा भलामोठा भूखंड आहे. पत्रे गेले, आत बाभळी माजल्या. कंपनी चालू होती तेव्हाही निम्मी जागा रिकामीच होती, पुढे विस्तार करू म्हणून घेतलेली. विस्तार झाला नाही, भाव मात्र वाढले.

एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ, भूखंड विकत नाही, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी गेल्या. कंपनी ‘प्लॉट विकते’ तेव्हा ती उरलेल्या वर्षांचा पट्टाच विकते, तोही महामंडळाच्या परवानगीने, हस्तांतरण शुल्क भरून. तुमचा हात पोचतो तो इथे.

बंद कंपन्यांच्या भूखंडांचे लिलाव मी दोनदा जवळून पाहिले. अख्खा भूखंड एकाच गठ्ठ्यात, ‘जसे आहे तसे’. अनामतच इतकी की माझ्या सगळ्या मशिनी विकूनही जमायची नाही. बोली आली नाही की राखीव किंमत उतरवून पुन्हा लिलाव. शेवटी घेणाऱ्याला कारखाना काढायचाच नव्हता. कुंपण दुरुस्त करून तो भाव वाढायची वाट पाहत बसला. आम्ही चौघे शेजारी मिळून घ्यायला तयार होतो. पण आधी घ्या, मग विभागणीचा अर्ज करा, असं उत्तर मिळालं. त्या भरवशावर कोणती बँक कर्ज देते?

बँकांचं देणं बुडवा असं मी म्हणत नाही. कंपनी लिक्विडेशनला गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडायची वेळ आली, तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे कामगारांची मागच्या 24 महिन्यांची देणी तारणदार बँकांच्या बरोबरीने येतात. जास्त भाव आला तर भलं त्यांचंच. आणि ठोकापेक्षा चिल्लरीत भाव जास्त येतो, हे इतवारी बाजारातला कोणताही व्यापारी सांगेल.

म्हणून विभागणीचा नकाशा लिलावाच्या आधी मंजूर करा, आतला रस्ता आणि पाण्याच्या जोडणीसकट. ठरल्या मुदतीत उत्पादन सुरू केलं नाही, तर प्लॉट परत घ्या. चालू कंपन्यांकडची पडीक जागाही मोजा; पट्टा घेताना भरलेल्या प्रीमियमचा काही भाग परत मिळणार असेल तर बरेच जण आपणहून सोडतील, असा माझा अंदाज आहे.

टाटांनी 1877 साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे. शहराच्या मधोमध होती, तिथलं एक वेळ समजू शकतो. हिंगण्याची जमीन कारखान्यांसाठीच घेतली होती ना?

येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. चौकीदार दुपारी जेवायला वानाडोंगरीला घरी जातो, आणि गेटाची किल्ली त्याच्याच खिशात असते.

आपला,
हिंगणा एमआयडीसीतला एक लघुउद्योजक