निर्मळहून, एकादशीनंतर

मु. पो. निर्मळ, ता. वसई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा मी जत्रेत उभा होतो. पिपाण्यांच्या आवाजात तुझं एकच वाक्य कळलं, "गाव राहिलंय का रे अजून?" मी "हो हो" म्हणून फोन ठेवला आणि रात्री झोपताना वाटलं, आपण भलतंच घाईत उत्तर दिलं. म्हणून हे पत्र. शिवाय एक गोष्ट तुझ्यापासून तीन वर्षं लपवली आहे. ती फोनवर सांगायला जीभ रेटत नाही.

आधी जत्रा. कार्तिक वद्य एकादशी, म्हणजे तुमच्याकडे आळंदीला पाय ठेवायला जागा नसते त्याच दिवशी इथे टेकडीवरच्या शंकराचार्यांच्या समाधीला रांग लागते. तळं आहे तिथेच आहे. परशुरामाने विमलासुराला मारलं ती गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्या मात्र कमी झाल्या. पाळणे, सुकी मासळी, पोळपाट-लाटणी, सगळं अजून येतं. नालासोपाऱ्याच्या इमारतींतून येणारी पोरं जास्त दिसतात, आणि खरं सांगू, त्यांच्यामुळेच जत्रेत जीव आहे. आपल्या गावची मुलं मोबाईलवर फोटो काढून अर्ध्या तासात घरी.

सुकेळी घेतली. यंदा ऐन वाळवणीत पाऊस आला, त्यामुळे माल कमी आणि भाव चढा. तू पुण्यात एकदा कुणाला तरी 'केळ्याचे खजूर' म्हणून सुकेळी खाऊ घातली होतीस, आठवतं? राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात घालायची, रात्री झाकायची, पुन्हा उन्हात, असं करत ती मधाच्या रंगाची झाली की केळीच्या सोपटात बांधायची. एवढी मेहनत करणारी घरं आगाशीकडे आणि आपल्याकडे मिळून आता मोजकीच. सुनांना दोष देऊ नकोस. सहाच्या लोकलने अंधेरीला जाणाऱ्या बाईने केळी कधी उलटायची?

लोकलचं तुला काय सांगायचं. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून पहिली गाडी मुंबईला गेली, दिवसाला एक. माझी आजी त्याच रेषेवर आयुष्यभर फुलांची टोपली घेऊन दादरला गेली. तिच्या लेखी मुंबई म्हणजे दादरचा फुलबाजार, त्यापलीकडे समुद्र. वसईची केळी, भाजी, दूध, विड्याची पानं, सगळं लगेजच्या डब्यातून शहरात जायचं आणि संध्याकाळी पदराच्या गाठीत पैसे यायचे. आपल्या वाड्या ह्या व्यवहारावर उभ्या होत्या हे आपण विसरतो आणि 'शहराने गाव खाल्लं' म्हणतो. शहर नसतं तर आजीच्या चाफ्याला विचारलं असतं कोणी?

बिघडलं ते उलट्या दिशेने. आधी आम्ही शहरात माल नेत होतो, मग शहर इकडे राहायला आलं, आणि त्याला पाणी लागलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हिरवा पट्टा बांधकामाला खुला झाला, स्टेशनाभोवती इमारती उठल्या, आणि त्यांच्या टाक्या भरायला टँकर गावातल्या विहिरींवर येऊन उभे राहिले. आपली जमीन रेताड, पलीकडे समुद्र. गोडं पाणी उपसलं की खारं आत सरकतं, हे आपल्या वाडीवाल्यांना कुठल्याही अहवालाशिवाय कळत होतं. फादर दिब्रिटो हरित वसईचा झेंडा घेऊन उभे राहिले ते ह्यासाठीच. २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा तू पुण्याहून फोन करून अभिनंदन केलंस, जणू मीच निवडून आलो. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्या दिवशी पाऊस होता.

२००९ साली वसई-विरार महापालिका झाली. गावं तिच्यात नकोत म्हणून केवढं रान उठलं, ते तू लांबून वाचलंसच. २९ गावं वगळण्याचा निर्णय झाला, मग प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं लोळत पडलं. तेवढ्यात २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे आम्ही पालघरचे झालो. बाबा अजून अर्जावर आधी 'जि. ठाणे' लिहितात आणि मग खोडतात. मला विचारशील तर मी दोन्हीकडचा. ग्रामपंचायत हवी असं म्हणायचो, आणि सूर्या धरणाचं पाणी इमारतींच्या नळाला आलं की हेवाही वाटायचा.

आता ती गोष्ट. बसून वाच.

आपलं बावखल, वाडीतलं ते गोड्या पाण्याचं तळं, बुजवलं. हो, तेच, जिथे तुला दंडाला धरून मी पोहायला शिकवलं आणि तू माझ्याच खांद्यावर चढून मला बुडवलंस. रहाट बंद होऊन तर जमाना झाला, पाणी पंपाने उपसायचो. धाकट्याचं लग्न ठरलं, घर हवं होतं. वाडीत माड आणि चाफा तोडायला बाबांचं मन होईना, बावखल मात्र 'नुसती खाली जागा' वाटली. ज्या बाबांनी आम्हाला टँकरसमोर उभं केलं होतं त्याच बाबांनी डंपरवाल्याला वाट दाखवली. मी शेजारी उभा होतो. खोटं बोलत नाही, मलाही तेव्हा बरंच वाटलं, डासांचा त्रास गेला म्हणून. मातीचे डंपर चार दिवस येत होते. पाचव्या दिवशी सपाट जमीन दिसली आणि ती इतकी लहान वाटली की मी पुन्हा पावलं टाकून मोजली.

पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या मावशींच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. त्या भांडल्या नाहीत. एक तांब्या भरून आणला, ओट्यावर ठेवला आणि "चव बघा" म्हणून निघून गेल्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

पहिल्याच पावसात धाकट्याच्या स्वयंपाकघरात, बरोबर गॅसच्या ओट्याखाली, लाद्यांच्या फटींतून पाणी वर आलं. बाहेर रस्ता कोरडा होता. गवंडी म्हणाला लिकेज. त्याने दोनदा लाद्या उखडल्या. २०१८ च्या जुलैत वसई बुडाली, गाड्या बंद पडल्या, मिठागरात माणसं अडकली, तेव्हाही आपल्या वाडीत पाणी शिरलं नव्हतं, कारण सगळं बावखलाने पोटात घेतलं होतं. हे बाबांना माहीत आहे. ते पावसाळ्यात धाकट्याकडे जेवायला जात नाहीत, गुडघे दुखतात म्हणतात.

तर गाव राहिलंय का? भुईगावच्या वाटेवर वाड्या आहेत, चर्चची घंटा आहे, इथल्या ख्रिस्ती कुपारी बायका बाजारात अजून सामवेदी बोलीत घासाघीस करतात. भुईगावात १९५६ साली सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला होता. त्याच रस्त्याला आता 'प्लॉट विकणे आहे'ची पाटी दर शंभर पावलांवर. दोन्ही लिहितो, तू ठरव.

सुकेळी कुरिअरने पाठवली आहेत. वहिनींना सांग, फ्रिजमध्ये ठेवू नका. पुढच्या एकादशीला एक वर्ष आळंदी सोड आणि इकडे ये. वसई रोडला उतरू नकोस, नालासोपाऱ्याला उतर, पश्चिमेला. मावशींचं बावखल अजून आहे. तुझ्यासाठी विचारून ठेवलं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्याला पोहू दे. तू काठावर बस. आणि साबण लावायचा नाही."

तुझाच,
बुडालेला मास्तर