कुंभार्ली घाटातल्या त्या तिघांचे आभार

आमची मारुती ८०० परवा गेली. २००४ची गाडी. पंधरा वर्षं भरल्यावर पासिंग पाच वर्षांनी वाढवून घेतलं होतं, पुन्हा वाढवायला मन धजेना.

तिची शेवटची लांबची चक्कर गणपतीची. चिपळूणहून कराडला परतताना कुंभार्ली घाट चढत होतो. पाच माणसं, वर आईने घेतलेले चार नारळ. निम्म्या घाटात काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. चूक माझीच, रेडिएटरच्या होजची (पाण्याच्या नळीची) क्लिप सैल झालीय हे महिनाभर ठाऊक होतं. रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तेवढ्यात मागून आलेल्या एसटीच्या चालकांनी ओरडून थांबवलं, "अहो, भाजाल! आधी थंड होऊ द्या." जाताना पाण्याचा कॅन ठेवून गेले. मग एका पिकअपवाल्या पोराने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून होजवर अशी करकचून आवळली, की गाडी विकेपर्यंत ती तशीच होती. पैसे घेतले नाहीत, नारळ मात्र घेतला. आणि टपरीवरच्या मावशी, तुम्ही आईला आत बसवून चहा दिलात.

आता दारात सात सीटर आहे. आई मधल्या सीटवर पाय पसरून बसते, पोरं मागे भांडतात. डिकीत पाण्याचा कॅन आणि ट्यूबचा तुकडा ठेवलाय. कॅन तुमचाच आहे, एसटीवाले दादा.